उन्हात न पुसणारी नावं

कुंडीतली झाडाच्या नावाची ही पट्टी पाहा. मार्करने लिहिलेलं नाव गेलं, पुसट डाग तेवढा उरला. हे पाण्याने झालेलं नाही, उन्हाने झालंय. मार्करची शाई ‘पर्मनंट’ असते ती पाण्यापुरती.

म्हणून शाईच नको. अक्षर पत्र्यात दाबून उठवायचं.

हा शीतपेयाचा ३३० मिलीचा रिकामा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन, आतून साबणाने धुतलेला. साखर राहिली की मुंग्या आल्याच. वरच्या काठाखाली सुरीने भोक पाडा, मग कात्री चालवा. वरचं झाकण आणि बूड काढून उभा काप दिला की साधारण २० बाय ८ सेंटिमीटरचा पत्रा मिळतो. हातमोजे हवेतच, या कडा ब्लेडसारख्या कापतात. पत्रा पुन्हापुन्हा गुंडाळतो, तेव्हा टेबलाच्या कडेवरून उलट्या बाजूने ओढून सरळ करा. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या आठ पट्ट्या निघतात. प्रत्येकीच्या कडा ३ मिलिमीटर दुमडून पकडीने दाबायच्या.

आता खरं काम. चंदेरी बाजू वर, खाली जुन्या मासिकाची दहा-बारा पानं. नुसत्या टेबलावर अक्षर उठत नाही, जाड फोमवर पत्रा सुरकुततो. रिफिल संपलेलं बॉलपेन घ्या आणि तीच रेघ दोन-तीनदा हलक्या हाताने गिरवा. एकदम जोर दिलात तर पत्रा फाटलाच. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, तीही प्रत्येक अक्षरावर सुटी. सलग ओढली की पट्टी नेमकी तिथेच दुमडते.

नुसतं ‘गुलाब’ लिहून भागत नाही. जात लिहा, लागवडीची तारीख लिहा. झाड वाढल्यावर हे आठवत नाही.

खिळ्याने भोक पाडा, काठापासून ५ मिलिमीटर आत. तार अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या. तांब्याची घेतली तर ओलाव्यात भोकाभोवतीचा पत्रा झिजतो. पट्टी बाजूच्या फांदीवर, दोन बोटं जातील इतक्या सैल फासात. खोडाला आवळलेली तार सालीत रुतते आणि झाड वाळतं.

रोपांच्या ट्रेसाठी मात्र एवढा खटाटोप नको. प्लास्टिकची पट्टी पॉलिश पेपरने खरखरीत करून शिसपेन्सिलीने लिहा. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बन, तो उन्हाने उडत नाही. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं, पण रोपं हलवेपर्यंत तरी टिकतं.

आणि ही जुनी पट्टी, धुळीने माखलेली. ओल्या बोटाने पुसली की वरची धूळ जाते, खाचेतली राहते. अक्षर उलट जास्त ठळक दिसतं.