वय विचारलं, वय सांगितलं

[काळी खिडकी, लुकलुकणारा कर्सर]

पायथन या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमने वय विचारलं. उत्तर आलं, ‘अठरा’. अक्षरांत. एंटर दाबलं आणि पडदाभर लाल ओळी. सगळ्यात खाली कारण छापलंय: व्हॅल्यू एरर. म्हणजे मिळालेल्या मजकुराची संख्या करता आली नाही.

अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘वापरणाऱ्याने चुकीचं टाइप केलं.’ चुकीचं काय केलं? वय विचारलं, त्याने वय सांगितलं. अंकांतच लिहा, असं प्रश्नात कुठे होतं?

[कीबोर्डवरची बोटं, जवळून]

पायथनमधलं इनपुट हे फंक्शन कीबोर्डवरून आलेलं सगळं मजकूर म्हणूनच हातात देतं. १८ टाइप केलं तरी मिळतात एक आणि आठ ही दोन अक्षरं, संख्या नाही. प्रवेशाला वय किमान १८ हवं, म्हणून संख्या न करताच या मजकुराची १८ या संख्येशी लहान-मोठी तुलना करायला गेलं, की पायथन टाइप एरर देऊन थांबतो. त्यावर नवशिक्यांचा हमखास उपाय म्हणजे अटीतल्या १८ लाही अवतरणचिन्हांत घालायचं. एरर गेली, प्रोग्रॅम चालू.

[निकालाची खिडकी, पूर्ण पडदा]

आता नीट बघा. वय ९: ‘प्रवेश आहे.’ वय १००: ‘तुम्ही अजून लहान आहात.’

मजकुराची तुलना शब्दकोशातल्या क्रमासारखी होते, डावीकडून एकेक अक्षर घेत. ९ समोर अठरातला १ आला. ९ मोठा, निकाल लागला. शंभराचा १ अठराच्या १ शी बरोबरीत सुटला, मग ० आणि ८ भिडले आणि शंभर लहान ठरले. लाल ओळ एकही नाही. त्यापेक्षा त्या लाल ओळी परवडल्या, निदान कळतं तरी.

[नवा कोड, ओळीमागून ओळ]

आता दुरुस्ती. स्ट्रिपने आधी मागची-पुढची मोकळी जागा काढली. मग पहिला इफ: काही लिहिलंय तरी का? दुसरा: सगळे अंकच आहेत का? हे इझडिजिटला विचारायचं. त्याने हो म्हटलं तरच इंट वापरून संख्या करायची आणि शेवटी मर्यादा तपासायची, ० ते १२०. इंट आधी घेतला तर पुन्हा तोच लाल पडदा; म्हणून इथे अटींइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा.

मर्यादेच्या ओळीवर थोडं थांबू. ‘० पेक्षा मोठं ऑर १२० पेक्षा लहान’ असं लिहिलं, तर ५०० वर्षांचा माणूसही आत येतो, कारण ५०० शून्यापेक्षा मोठं आहेच. दोन्ही अटी एकदम पाळायच्या असतील तर अँड हवा.

हे सगळं व्हाइलच्या आत, म्हणजे योग्य उत्तर येईपर्यंत प्रश्न पुन्हा येत राहील. संदेशही बदललाय. ‘चुकीचे इनपुट’ काढून तिथे आलंय, ‘वय अंकांत लिहा, उदाहरणार्थ २५.’ माझ्या मते अख्ख्या कोडमधली सगळ्यात कामाची ओळ हीच, आणि शिकवताना तिलाच सगळ्यात कमी वेळ मिळतो.

आलेली माहिती न तपासता वापरली तर काय होतं? १९९७ मध्ये यूएसएस यॉर्कटाऊन या अमेरिकी युद्धनौकेवर एका रकान्यात शून्य भरलं गेलं, पुढे त्याच शून्याने भागाकार झाला आणि जहाजाची प्रणोदन यंत्रणा, म्हणजे जहाज पुढे नेणारी यंत्रणा, बंद पडली. त्याचं चित्रण आपल्याकडे नाही. पुढे जाऊ.

[कीबोर्डची भाषा बदलताना]

आता वय देवनागरी अंकांत. इझडिजिट हो म्हणतो, इंटही विनातक्रार संख्या करून देतो. ही पायथनची मेहेरबानी बऱ्याच जणांना माहीतच नसते.

आणि हा शेवटचा प्रयोग: वर्ग दाखवायला संख्येच्या डोक्यावर लिहितात तो बारीक २. इझडिजिट यालाही हो म्हणतो, इंट मात्र अडतो. परत व्हॅल्यू एरर. म्हणून इझडिजिटच्या जागी इझडेसिमल, जे फक्त संख्या लिहायचे साधे अंकच चालवून घेतं. देवनागरी अठरा आत, बारीक २ बाहेर, आणि प्रश्न पुन्हा समोर: ‘वय अंकांत लिहा, उदाहरणार्थ २५.’