पीपीएल नॅव्हिगेशन: आधी चित्र काढा, मग कॉम्प्युटर फिरवा

नमस्कार, ठाण्यातून बोलतेय. आज टेबलावर फक्त चार्ट, प्रोट्रॅक्टर आणि पेन्सिल आहे. तो गोल फिरवायचा नॅव्हिगेशन कॉम्प्युटर, म्हणजे हिशेबाची हाताने फिरवायची चकती, मुद्दाम ड्रॉवरमध्ये ठेवलाय, कारण रविवारी माझ्याकडे पीपीएलची, म्हणजे खाजगी वैमानिक परवान्याची, जी मुलं-मुली येतात, कुणी कळव्याहून कुणी ऐरोलीहून, ती प्रश्न वाचला रे वाचला की थेट कॉम्प्युटर हातात घेतात, आणि मग चूक चकती फिरवण्यात होत नाही, ती त्याच्या आधीच झालेली असते. वारा कुठून येतोय हेच डोक्यात उलटं बसलेलं असतं. माझंही पहिल्यांदा हेच झालं होतं, डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षेला पासिंग ७० टक्के आहे आणि मी अशाच प्रश्नांवर अडकले.

तर आज एकच रूट घेऊ, जुहू ते धुळे. हा चार्ट एक लाखाचा नाही, दहा लाखाला एक आहे, म्हणजे चार्टवरचा १ मिलीमीटर हा जमिनीवरचा १ किलोमीटर. रेघ मारली, बघा कुठून जाते, ठाण्यावरून, कसाऱ्याजवळून, नाशिकवरून, मालेगावच्या बाजूने धुळे. म्हणजे जवळपास आपला आग्रा रोडच. खरं विमान इथून असं सरळ नेता येत नाही हं, मुंबईचं कंट्रोल्ड एअरस्पेस आहे, क्लिअरन्स लागतो, पण शिकायला ही रेघ मस्त आहे कारण खालची सगळी गावं आपल्या ओळखीची आहेत. ट्रॅक, म्हणजे या रेघेची उत्तरेपासून मोजलेली दिशा, साधारण ०४५ अंश, अंतर दीडशे नॉटिकल माइलच्या थोडं वर. आपण सरळ १५० धरू, आणि पुढे नुसतं मैल म्हटलं तरी नॉटिकल माइलच.

आता वारा. ३१५ वरून २० नॉट, म्हणजे तासाला २० नॉटिकल माइल. वाऱ्याचा आकडा म्हणजे तो *जिकडून* येतो ती दिशा, जातो ती नाही, हे शंभरदा सांगितलं तरी पेपरात विसरतात. म्हणून कागदावर रेघ काढा, आणि बाण वायव्येकडून आत येताना काढा. बघा, बरोबर डाव्या बाजूने काटकोनात येतोय. म्हणजे विमान उजवीकडे ढकललं जाणार, म्हणजे नाक डावीकडे धरायचं.

हे मला पुस्तकात कळलं नव्हतं, मामाच्या होडीत कळलं. मामा दिवाळे कोळीवाड्यातले, बेलापूरचे. खाडी ओलांडायची असेल तर मामा कधीच समोरच्या धक्क्यावर नाक धरून होडी नेत नाहीत, ओढ जिकडून असेल तिकडे थोडं नाक ठेवतात आणि होडी तिरकी तिरकी जाऊन बरोबर धक्क्याला लागते. नाक जिकडे ते हेडिंग, होडी खरी गेली ती ट्रॅक, आणि मधला कोन म्हणजे ड्रिफ्ट. बास, वारा, हेडिंग आणि ट्रॅक यांचा त्रिकोण, म्हणजे विंड ट्रँगल, संपला.

आता कोन किती, तर इथे सगळ्यात कामाचा नियम, एकास साठ. ६० मैल गेल्यावर १ मैल बाजूला असाल तर १ अंशाची चूक. हाच नियम वाऱ्याला लावा, ट्रू एअरस्पीड, म्हणजे हवेतून जाण्याचा विमानाचा खरा वेग, १०० नॉट, आडवा वारा २०, तर २० भागिले १०० गुणिले ६०, १२ अंश. कॉम्प्युटरवर साडेअकराच्या आसपास येतं. म्हणजे हेडिंग ०३३. ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग, जवळजवळ ९८. आता कॉम्प्युटर काढा आणि तपासा, आता तो तुम्हाला फसवू शकत नाही, कारण ०५७ आलं तर लगेच कळेल की बाण उलटा लागलाय.

पुढे. समजा अंदाजापेक्षा वारा जास्त निघाला. ५० मैल झाले, घड्याळात ३० मिनिटं झाली, आणि कसारा स्टेशन तुमच्या खाली नाही, डावीकडे ५ मैलांवर दिसतंय. म्हणजे तुम्ही उजवीकडे सरकलात. ५ भागिले ५० गुणिले ६०, सहा अंश चूक. सहा अंश डावीकडे वळलात तर? तर तुम्ही रेघेला फक्त समांतर जाल, धुळ्याला नाही पोचणार, आणि पेपरात सहा हा पर्याय हमखास दिलेला असतो. उरलेत १०० मैल, ५ भागिले १०० गुणिले ६०, आणखी तीन. एकूण नऊ अंश डावीकडे. आणि ५० मैलाला ३० मिनिटं म्हणजे ग्राउंड स्पीड १००, उरलेल्या १०० मैलाला एक तास धरा.

हे नुसतं मार्कांसाठी नाहीये. या रेघेच्या उजवीकडे काय आहे बघा, कळसूबाई, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. ढगात, खाली उतरलेले असाल आणि उजवीकडे सरकत असाल तर ते सहा अंश खूप मोठे आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन याच जुहूला उतरले, तेव्हा रेडिओची मदत नव्हती, हाच हिशेब होता.

व्हेरिएशनबद्दल, म्हणजे खरी उत्तर (ट्रू) आणि चुंबकीय उत्तर (मॅग्नेटिक) यांतल्या कोनाबद्दल, एक सांगते, आपल्याकडचीच मुलं त्यात जास्त चुकतात असं मला वाटतं, कारण मुंबई-ठाण्यात ते एक अंशाहूनही कमी आहे, सवयच लागत नाही. न्यूयॉर्ककडे तेच बारा-तेरा अंश पश्चिम. ट्रू वरून मॅग्नेटिककडे जाताना पश्चिम प्लस, पूर्व मायनस. ट्रू ०९०, व्हेरिएशन १० पश्चिम, तर मॅग्नेटिक १००. मग डेव्हिएशन, म्हणजे विमानातल्याच चुंबकत्वामुळे कंपासला येणारी चूक, २ पूर्व, तर कंपास ०९८. आणि हवामानाच्या रिपोर्टमधला वारा ट्रू असतो, टॉवर तोंडाने सांगतो तो मॅग्नेटिक, हे दोन मिसळू नका.

अंतरं पटकन. अक्षांशाचं १ मिनिट म्हणजे १ नॉटिकल माइल, १८५२ मीटर. रेखांशाचं तसं नाही, ते वर जाताना आक्रसतं, ६० ला कोसाइन अक्षांशाने गुणायचं, ठाण्याला एक अंश रेखांश म्हणजे ५६.७ मैल. रेखांशाची स्केल वापरून अंतर मोजलंत की उत्तर गेलं.

आणि वेळ. आयएसटीतून साडेपाच तास वजा केले की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. सकाळी ७.१० चं टेकऑफ म्हणजे यूटीसी ०१४०. पहाटे साडेचारचं म्हणजे २३००, *आदल्या दिवशीचे*, तारीख बदलायला विसरू नका. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्वचं आहे आणि ठाणे ७३ च्या जवळ, म्हणजे साडेनऊ अंश, अंशाला ४ मिनिटं, ३८ मिनिटं. म्हणून ठाण्यात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी. जुना बॉम्बे टाइम ३९ मिनिटं मागे होता तो याच हिशेबाने.

प्रश्नसंच सोडवा, पण उत्तरं पाठ करू नका प्लीज, आकडा एक बदलला की संपलं. रोज पाच प्रश्न, पाच चित्रं.

आता परतीचा तुम्ही करा. धुळे ते जुहू, ट्रॅक २२५, वारा तोच, स्पीड तोच. पॉज करा, रेघ काढा, बाण काढा. २३७ च्या आसपास आलं? बरोबर, कारण आता वारा उजवीकडून आहे. २१३ आलं असेल तर गणित परत करू नका, बाण बघा.