लोणारी कोळशाच्या भिंती आणि ताजी भाजी

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे तोडलेली मेथीची जुडी बाजारात पोचेपर्यंत मान टाकते, तेव्हा तिच्यातून नेमके काय निघून गेलेले असते, या प्रश्नापासून आजच्या विषयाला सुरुवात करणे योग्य ठरेल. भाजी किंवा फळ तोडले तरी ते जिवंत असते आणि त्याचे श्वसन चालूच राहते. या श्वसनात ते स्वतःतील साखर खर्च करते आणि उष्णता बाहेर टाकते, आणि सभोवतालचे तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. त्याच वेळी कोरडी हवा पानांतले आणि सालीतले पाणी ओढून घेत असते. पालेभाजीच्या वजनातून शंभरात पाच ते दहा भाग पाणी गेले, तरी ती कोमेजलेली दिसू लागते आणि गिऱ्हाईक तिला हात लावत नाही. म्हणजे तोडलेल्या मालाचे नुकसान उष्णता आणि कोरडेपणा अशी दोन कारणे मिळून करतात, आणि जेथे वीज नाही किंवा भारनियमनामुळे तिचा भरवसा नाही, तेथे या दोन्हींवर एकाच वेळी काम करणारे एक साधन उपलब्ध आहे. हे साधन म्हणजे ओल्या लोणारी कोळशाच्या, म्हणजे लाकडाच्या कोळशाच्या, भिंतींची खोली.

यामागचे तत्त्व आपल्या घरातल्या माठाचेच आहे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते, आणि ही उष्णता किती मोठी असते याची आपल्याला सहसा कल्पना नसते. एक लिटर पाण्याची उन्हाळी तापमानाला वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, आणि सुमारे सात किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढीच ही आहे. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून दुपारी घरे थंड ठेवण्याची रीत याच तत्त्वावर चालत आली. आपल्याला एवढेच करायचे आहे की ही वाफ भाजीच्या पानांतून होऊ न देता भिंतीतून होऊ द्यायची. भिंतीतून पाणी उडून गेले की आतली हवा गार होते आणि दमटही राहते, त्यामुळे भाजीतले पाणी भाजीतच राहते.

भिंतीसाठी कोळसाच का, असा प्रश्न कोणालाही पडेल. लाकडाच्या कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, त्यामुळे तो भरपूर पाणी धरून ठेवतो आणि हवेला लागण्यासाठी पाण्याचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो. तुकड्यांच्या मधल्या फटींतून वारा खेळत राहतो, वजन हलके असल्याने बांबूच्या चौकटीलाही भार पेलतो, आणि पेंढा किंवा गोणपाट ज्याप्रमाणे ओले राहून कुजते तसा कोळसा कुजत नाही. दगडी कोळसा यासाठी उपयोगाचा नाही, हे मुद्दाम सांगतो.

ही खोली सर्वाधिक रुजली ती पूर्व आफ्रिकेत, विशेषतः केनियात. तेथे फरसबीची शेती करणारे हजारो छोटे शेतकरी आहेत आणि त्यांची शेंग नैरोबीच्या विमानतळावरून युरोपात जाते. फरसबी अतिशय नाजूक. तोडल्यावर काही तास उन्हात राहिली तरी ती लवचिक होते आणि तिची प्रत घसरते. किरिन्यागासारख्या भागांत शेतकऱ्यांचे गट गावातच प्रतवारीची शेड उभारतात आणि तिच्याशेजारी कोळशाच्या भिंतींची खोली बांधतात. सकाळी तोडलेली शेंग निवडून तेथे ठेवली जाते आणि निर्यातदाराचा ट्रक येईपर्यंत ती त्या गारव्यात थांबते. या उदाहरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब अशी की, तेथे या खोलीकडून महिनाभर साठवण करण्याची अपेक्षा कोणी धरत नाही. तोडणी आणि वाहतूक यांच्यामधले धोक्याचे तास ती सांभाळते, आणि शेतकऱ्याचे उत्पन्न नेमके त्याच तासांत बुडत असते.

आता बांधणीकडे वळू. जागा सावलीची, पण वारा लागणारी निवडावी. झाडाखाली असेल तर उत्तम. लाकडाची किंवा बांबूची चौकट उभी करून तिच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला कोंबडी जाळी ठोकावी आणि दोन्ही जाळ्यांमध्ये साधारण १० सेंटिमीटर अंतर ठेवावे. या पोकळीत कोळसा भरायचा. तुकडे अंड्याएवढे असावेत आणि भरण्याआधी चाळून, धुऊन त्यातली भुकटी काढून टाकावी, कारण भुकटी फटी बुजवते आणि मग हवा आरपार जात नाही. मधे मधे आडव्या पट्ट्या मारल्या नाहीत तर कोळशाच्या दाबाने जाळीला पोट सुटते. कोळसा काही आठवड्यांत खाली बसतो आणि वरच्या बाजूला रिकामी पट्टी राहते. त्या पट्टीतून गरम हवा थेट आत शिरते, म्हणून वरून पुन्हा भर घालण्याची सोय आधीच ठेवावी. दरवाजाही याच पद्धतीचा, कोळशाने भरलेला असावा. छप्पर गवताचे आणि भिंतींच्या बाहेर चांगले पुढे आलेले हवे, कारण भिंतीवर थेट ऊन पडले तर बाष्पीभवनाने मिळणारा गारवा उन्हाची उष्णता काढण्यातच खर्ची पडतो. नुसता पत्रा टाकू नये.

पाणी देण्याच्या बाबतीत आपल्याकडच्या शेतकऱ्याला एक आयती सोय आहे. ठिबक सिंचनाची जुनी लॅटरल, म्हणजे थेंब सोडणारी बारीक नळी, भिंतीच्या माथ्यावर आडवी टाकून ती उंचावर ठेवलेल्या पिंपाला जोडली, की दिवसभर थेंब थेंब पाणी कोळशातून झिरपत राहते आणि त्यासाठी पंपाची गरज लागत नाही. भिंतीच्या तळाशी पन्हळ ठेवून खाली उतरलेले पाणी बादलीत गोळा करावे आणि पुन्हा पिंपात ओतावे. कोळसा ओला असावा, पण भिंतीतून धारा लागू नयेत. बोअरचे पाणी जड असेल तर कोळशावर पांढरे क्षार साचतात आणि छिद्रे बंद होतात. असा कोळसा काढून गोड्या पाण्याने धुवावा, आणि तरीही तो पाणी धरत नसेल तर बदलावा.

कोळसा महाग पडत असेल किंवा त्यासाठी झाडे तुटणार असतील, तर त्याच तत्त्वावरचा दुसरा मार्ग आपल्या देशातच शोधला गेला आहे. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. के. रॉय आणि डी. एस. खुर्डिया यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला. विटांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटरची पोकळी, त्या पोकळीत ओली वाळू आणि वर बांबू व गवताचे झाकण, अशी त्याची रचना असून त्यात साधारण १०० किलो माल मावतो. नायजेरियाच्या कोरड्या उत्तर भागात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९०च्या दशकात मातीच्या एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधे ओली वाळू भरण्याची पद्धत गावोगावी नेली, आणि तिला २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्या मडक्यात वांगी तीनऐवजी २७ दिवस टिकल्याचे सांगितले जाते. माझे मत असे की, हा आकडा मनात धरून कोणीही खोली बांधू नये. पालेभाजी एका दिवसाऐवजी दोन-तीन दिवस विकण्याजोगी राहिली, तर खोलीने आपले काम चोख केले असे समजावे. कुटुंबापुरत्या भाजीसाठी मडके, एका शेतकऱ्याच्या मालासाठी विटांचा कक्ष आणि गटाच्या मालासाठी, जेथे माणसाला आत उभे राहून क्रेट लावायचे आहेत, तेथे कोळशाची खोली, असा निवडीचा क्रम मला योग्य वाटतो. कोळसा घ्यायचाच असेल तर शिवारात माजलेल्या वेड्या बाभळीचा घ्यावा. येथे तो जाळला जात नसल्याने एकदा भरलेला कोळसा दीर्घकाळ उपयोगी पडतो.

श्रोतेहो, आता या साधनाच्या मर्यादेविषयी थोडे सविस्तर बोलणे आवश्यक आहे, कारण येथेच अनेकांची निराशा होते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन अधिक आणि तितका गारवा अधिक. मे महिन्यातल्या दुपारी अकोल्याला किंवा जळगावला तापमान ४२ अंश आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त सुमारे २४ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्ष खोली त्या मर्यादेपर्यंत पोचत नाही, परंतु चांगली बांधलेली खोली या फरकाचा तीन चतुर्थांश भाग गाठू शकते, म्हणजे आत २८ ते २९ अंश मिळतात. बाहेरच्या ४२ अंशांच्या तुलनेत हा लाभ फार मोठा आहे. याउलट त्याच महिन्यात रत्नागिरीला तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर मर्यादाच २८ अंशांची आहे आणि हाती तीन-चार अंशच लागतात. त्यामुळे कोकण आणि गोव्यातल्या शेतकऱ्याने यावर खर्च करावा असे मी सांगणार नाही. खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातला पर्जन्यछायेचा प्रदेश ही या खोलीची खरी जागा आहे, आणि तिचा हंगाम फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंतचा आहे.

आपल्या गावात ती किती उपयोगी पडेल, हे बांधण्याआधीच तपासता येते. साधा तापमापक घ्यावा, त्याच्या पाऱ्याच्या फुग्यावर सुती चिंधी गुंडाळून ती ओली करावी आणि सावलीत पाच मिनिटे त्याला पंख्याने किंवा पुठ्ठ्याने जोरात वारा घालावा. पारा जेथे स्थिरावेल तेथपर्यंतच बाष्पीभवनाने उतरता येते, त्याखाली नाही. कोरड्या तापमापकाशी त्याचा फरक दहा अंशांहून अधिक असेल, तर खोली जरूर बांधावी.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे मला प्रामाणिक वाटत नाही. जेथे हवा सर्वांत कोरडी, तेथेच उन्हाळ्यात पाण्याची टंचाई सर्वांत तीव्र असते. ज्या गावात पिण्याचे पाणी टँकरने येते, त्या गावात भिंतीला पाणी पाजण्याची गोष्ट करता येणार नाही. मात्र ज्याच्याकडे भाजी पिकवण्याइतके पाणी आहे, त्याच्याकडे तिला दोन दिवस ताजे ठेवण्याइतके पाणी असतेच. एक किलो भाजी पिकवताना शेताला जे पाणी दिले, त्या तुलनेत ती वाचवण्यासाठी लागणारे पाणी अगदी थोडे आहे, आणि भाजी उकिरड्यावर गेली तर पिकवण्यासाठी दिलेले सगळे पाणीही तिच्याबरोबरच जाते. भांडी घासलेले, साबणाचे किंवा शेणामातीचे पाणी मात्र वापरू नये. त्याने दुर्गंधी आणि बुरशी येते.

कोणता माल आत ठेवावा, याचाही विचार हवा. मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, गाजर, मुळा, वांगी, भेंडी, गवार, काकडी, ढोबळी मिरची आणि टोमॅटो यांना हा गारवा मानवतो. भेंडी, वांगी आणि काकडी ही तर अति थंडीने बिघडणारी पिके आहेत; दहा अंशांच्या खाली ती फार काळ राहिली की त्यांवर डाग पडतात, म्हणून बर्फासारख्या थंड शीतगृहापेक्षा ही खोली त्यांना अधिक सोयीची ठरते. मृग बहाराची नागपुरी संत्री फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात तोडली जातात, त्यांची साल सुकू नये यासाठीही ती कामास येते. कांदा आणि लसूण मात्र चुकूनही आत ठेवू नयेत. त्यांना कोरडी, खेळती हवा लागते, म्हणूनच नाशिककडे कांद्याची चाळ हवेशीर बांधतात. दमट खोलीत कांद्याला कोंब फुटतात आणि तो सडतो. दूध, मांस, मासे आणि शिजवलेले अन्न यांच्यासाठीही ही खोली नाही. पंचवीस-तीस अंशांना त्यांत जंतू वेगाने वाढतात.

पिकलेली केळी, आंबे आणि टोमॅटो यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते, म्हणून त्यांची जागा वेगळी ठेवावी. तोडणी उजाडताच करावी आणि माल तापण्याआधी आत न्यावा. दुपारी तोडलेला गरम माल आत भरला, तर सारी रात्र त्याची उष्णता काढण्यातच जाते. भाजी ओली करून रचू नये, सडका नग एकही आत जाऊ देऊ नये, आणि क्रेट भिंतीला न चिकटवता चार बोटे अंतर ठेवून लावावेत. उंदरांसाठी तळाशी बारीक जाळी लावावी. ओलाव्याला सापही येतो, तेव्हा आत शिरताना बॅटरी लावून कोपरे पाहावेत. आणखी एक धोका ध्यानात ठेवावा: पाणी बंद झाले आणि कोळसा सुकला, की ती भिंत म्हणजे जळणच असते, म्हणून जवळपास विडी-काडी किंवा चूल नको.

या खोलीमुळे बाजारभाव वाढत नाही, हे मला माहीत आहे. परंतु आज लिलावात भाव पडला असता, माल परत नेला तर सडेल या भीतीने शेतकरी मिळेल त्या किमतीला जुड्या देऊन मोकळा होतो, आणि ही भीती व्यापाऱ्यालाही ठाऊक असते. उद्या सकाळपर्यंत थांबण्याची सोय ज्याच्याकडे आहे, तो वेगळ्या आवाजात बोलू शकतो. दोन दिवसांचा माल एकत्र करून एकच गाडी भरता आली, तर भाड्याचाही खर्च वाचतो. शीतगृह ज्यांच्या आवाक्यात नाही अशा शेतकऱ्यांना, आणि डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणाऱ्या बायकांना, हा एक दिवस मिळवून देणारे साधन बांबू, जाळी आणि कोळशात उभे राहते, म्हणून त्याविषयी मला इतक्या आग्रहाने बोलावेसे वाटते.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी आधी मोठी खोली न बांधता एक खोकेवजा कपाट कोळशाच्या भिंतींचे करावे. मेथीच्या सारख्या वजनाच्या दोन जुड्या घेऊन एक आत आणि एक घरात सावलीत ठेवावी, सकाळ-संध्याकाळ दोन्हींचे वजन करावे आणि आतले व बाहेरचे तापमान वहीत लिहावे. आठवडाभराच्या नोंदींतून आपल्या गावाचे उत्तर मिळेल. पाऊस लागला की कोळसा बाहेर काढून वाळवून, पोत्यांत भरून ठेवावा आणि चौकट सावलीच्या शेडसारखी वापरावी. पुढच्या माघात पुन्हा भरता येतो.

नमस्कार.