बाळंतिणींचा वॉर्ड कितव्या मजल्यावर आहे?

नमस्कार मंडळी.

मे २०१०, अहमदाबाद. २१ तारखेला पारा ४६.८ अंशांवर गेला होता. महापालिकेच्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, म्हणजे डोक्यावर थेट तापलेली गच्ची. आणि तिथली दोन-चार दिवसांची बाळं अंग तापलं म्हणून अतिदक्षता विभागात येऊ लागली.

संसर्ग नाही, काही नाही. बाळ नुसतं तापलेलं. आपल्याला घाम येतो, तो वाळताना अंग गार होतं. नवजात बाळाला नीट घामही येत नाही. तहान लागली हे सांगता येत नाही, अंगावरचं दुपटं बाजूला करता येत नाही. खोली तापली की बाळ तापतं.

डॉक्टरांनी नंतर नोंदी काढून हिशेब मांडला. पारा ४२ च्या वर गेला, की दर एका अंशामागे अशी दाखल होणारी बाळं सुमारे ४३ टक्क्यांनी वाढत होती. पुढे तो वॉर्ड खालच्या मजल्यावर आणला. हे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं! औषध तेच, डॉक्टर तेच. खाटा तेवढ्या खाली आल्या.

त्याच मे महिन्यात अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. यातल्या बहुतेकांच्या दाखल्यावर उष्माघात हा शब्द तुम्हाला सापडणार नाही. कुणाचं हृदय थांबलं, कुणाची किडनी गेली. उन्हाचं नाव कागदावर येतच नाही. म्हणून मला वाटतं, मोजणं हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे. मोजलं म्हणूनच २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला: आधी इशारा, पाणपोया, दवाखान्यांची तयारी, आणि पुढे झोपडपट्टीतल्या छतांना पांढरा रंग. नंतर आपल्या नागपूरनेही असा आराखडा केला.

पांढऱ्या छतापाशी जरा थांबूया. काळा डांबरी थर किंवा गंजका पत्रा ऊन पितो आणि ती उष्णता खाली घरात सोडतो. चुना मारलेलं छत बरंचसं ऊन परत पाठवतं. खाली दोन-तीन अंशांचा फरक पडतो. दिवसभर ऊन झेलून आलेल्या माणसाला रात्री झोप लागणार की नाही, हे त्या दोन-तीन अंशांवर ठरतं. शरीर सावरतं ते रात्रीच.

आता चंद्रपूरला चला. उन्हाळ्यात देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या शहरांच्या यादीत हे नाव हमखास असतं. तिथेच २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, कोळशावर चालणारं. ऊन वाढलं की कूलर, एसी वाढतात, विजेची मागणी वाढते, कोळसा जास्त जळतो. त्या धुरातून दोन गोष्टी निघतात. एक कार्बन डायऑक्साइड, जो शेकडो वर्षं हवेत राहून पृथ्वी तापवतो. दुसरी अतिसूक्ष्म धूळ, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहून बारीक. ती फुप्फुसातून थेट रक्तात उतरते. दमा, हृदयविकार, पक्षाघात, सगळ्याला हातभार लावते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा हाच. कोळसा कमी जाळला तर पृथ्वीचा ताप उतरायला पिढ्या लागतील, पण धूळ काही दिवसांत खाली बसते. तो फायदा त्याच गावाला, त्याच वर्षी मिळतो. शेजारच्या आजींच्या दम्याला मिळतो. हवामानाचं काम म्हणजे लांबच्या परिषदांचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांना हे जरूर सांगा.

आता तुमच्याकडे एक काम. तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींचा वॉर्ड कितव्या मजल्यावर आहे? वर छत कसलं आहे, काळं की पांढरं? मार्च उजाडायच्या आत बघून या, आणि मला कळवा.