साइन ऑफ न झालेली माणसं

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत, जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या एका कंपनीच्या क्रू विभागात काम करते. परदेशातल्या तुमच्या मराठी मंडळानं स्थलांतरावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी २०२० बद्दलच बोलायचं ठरवलं.

त्या मार्चमध्ये परदेशी विमानं बंद झाली. मुंबईत उतरलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईनं क्वारंटाइनचा शिक्का मारत होते. ७ मेपासून परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणणारी वंदे भारत मोहीम सुरू झाली आणि तुमच्यापैकी काहीजण त्यातूनच घरी पोचले असतील. परदेशातून घरी येणारा पैसा २० टक्क्यांनी घटेल, असा जागतिक बँकेचा अंदाज होता. प्रत्यक्षात घट दोन टक्क्यांहून कमी झाली. भारतात ८३ अब्ज डॉलर आले. नोकरीची शाश्वती नसताना लोकांनी पोटाला चिमटा काढून पैसे धाडले, याचं मला फार अप्रूप आहे.

पण खलाशांचं काय झालं? राहण्याचा देश बदलत नाही, म्हणून स्थलांतराच्या आकडेवारीत ते सहसा धरलेच जात नाहीत. नियमानं सलग ११ महिन्यांच्या वर कुणाला जहाजावर ठेवता येत नाही. तरी त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही साइन ऑफ न होता, म्हणजे कामातून मोकळं होऊन उतरता न आल्यानं, जहाजांवरच अडकले होते. जगाला धान्य आणि औषधं तेच पोचवत होते, आणि बंदरं त्यांनाच उतरू देत नव्हती.

रत्नागिरीकडच्या एक काकू फोन करायच्या, "ताई, माझ्या मुलाचा रिलीव्हर मिळाला का हो?" रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी जाणारा खलाशी, मिळालेला असायचा. तो अंधेरीच्या हॉटेलात आरटीपीसीआरच्या रिपोर्टची वाट बघत बसलेला असायचा. रिपोर्ट येई, तर तिकडे बंदरानं परवानगी मागे घेतलेली. परवानगी येई, तोवर रिपोर्ट जुना झालेला. जहाज पुढच्या बंदराकडे निघायचं आणि काकूंना काय सांगावं, ते मला सुचत नसे.

तुमच्या शहराला बंदर आहे. मंडळ अडचणीतल्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना मदत करतं, त्यात खलाशीही धरा. त्यांना लागतं तरी काय? इथलं सिमकार्ड, एखादं औषध, आणि दहा मिनिटं मराठीत बोलणारं कुणीतरी. कार्यकारिणीतल्या एकानं हे काम अंगावर घ्यावं. जहाज कुठल्या बंदराला लागणार, हे खलाशी घरी कळवतोच. त्या घरांपर्यंत तुमचा नंबर पोचवायचं माझ्याकडे लागलं.