निबंध आला, आता वाचायचा कुणी?

[दृश्य : महाविद्यालयाचा संगणक कक्ष. पडद्यावर आलेल्या फायलींची यादी. खिडकीबाहेर तुरीच्या काड्यांचा ढीग.]

पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. इथल्या महाविद्यालयात ग्रंथालय व माहितीशास्त्राचे एम.लिब.चे विद्यार्थी आणि पीएच.डी.चे संशोधक मिळून दोन दिवसांची परिषद भरवताहेत. मंडप, हार, पाहुणे पुढं येतीलच. परिषदेचं काम मात्र या खोलीत कधीचंच सुरू झालंय.

यादी बघा. 'पेपर फायनल', 'फायनल पेपर नवीन', 'फायनल फायनल'. शोधनिबंध मागवायला गुगल फॉर्म वापरलाय. फुकट आहे, सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण त्याच्या दोन खोड्या आहेत. फाइल जोडायची तर पाठवणाऱ्याला आपल्या गुगल खात्यातून आत यावं लागतं; पासवर्ड विसरलेले ज्येष्ठ ग्रंथपाल तिथंच अडकतात. दुसरी खोडी जास्त नडते. फॉर्म प्रत्येक फाइलच्या नावाला पाठवणाऱ्याचं नाव आपणहून चिकटवतो. निबंध कुणाचा हे परीक्षकाला कळू नये अशी अट आपण घालतो आणि ती पहिल्याच पायरीवर मोडते. म्हणून फाइल आली की उतरवून घ्यायची, जुनं नाव पुसायचं आणि विषयाचं अक्षर व क्रमांक द्यायचा. ग्रामीण ग्रंथालयांना 'ग', संगणकीकरणाला 'स'. कुठला क्रमांक कुणाचा, याची नोंद कागदी वहीत, आणि ती वही एकाच विद्यार्थिनीच्या कपाटात. ऑनलाइन शीट केली असती तर तिची लिंक फिरायला वेळ लागला नसता.

[दृश्य : जवळून. माउस 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' असा सरकतो.]

नाव फाइलच्या पोटातही असतं. वर्डमध्ये या वाटेनं गेलं की लेखकाचं नाव, संस्थेचं नाव आणि कडेला लिहिलेल्या जुन्या टिपणांचे मालक असं सगळं बाहेर येतं. ते 'रिमूव्ह ऑल' करून काढायचं. तरी दोन जागा उरतात, त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. एक आभाराचा परिच्छेद. दुसरी, 'प्रस्तुत संशोधकाने यापूर्वी केलेल्या अभ्यासात' असं वाक्य आणि त्याला लागून कंसात स्वतःचंच आडनाव.

[दृश्य : एक फाइल उघडते. पडदाभर इंग्रजी अक्षरांचा चुराडा.]

ही फाइल खराब झालेली नाही. निबंध मराठीतच आहे, फक्त कृतिदेवमध्ये टाइप केलाय. ज्या संगणकात तो फाँट नाही, तिथं 'ग्रंथालय' हा शब्द असा दिसतो : एक्स, झेड, ए, मोठा एफ, दोन के, वाय आणि शेवटी अर्धविराम. कारण कृतिदेवमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच. फाँट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवतो. युनिकोडचं तसं नाही. तिथं 'ग'ला स्वतःचा क्रमांक आहे, फाँट कुठलाही असो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा आहे. तरी तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर आजही कृतिदेव आणि श्रीलिपीचाच दबदबा, कारण टाइप करणाऱ्याची बोटं त्यावर बसलेली आहेत.

कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, आणि आयोजकांचा सगळ्यात जास्त वेळ त्यांनंतरच्या दुरुस्तीत जातो. ऱ्हस्व इकार कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होतो, रफार अक्षरानंतर. कन्व्हर्टरला दोन्ही उचलून योग्य जागी बसवावे लागतात. जोडाक्षर आलं की तो चुकतो. 'विद्यार्थी' हा शब्द त्याची परीक्षाच घेतो. निबंधात मधूनच आलेले इंग्रजी शब्दही तो देवनागरी समजून बदलतो, मग इन्फ्लिबनेट या संस्थेचं नाव ओळखू येत नाही. त्यामुळे क्रम ठरलेला : आधी वर्डच्या 'फाइंड'मध्ये फाँटचं नाव देऊन फक्त कृतिदेवचा मजकूर निवडायचा, तेवढाच बदलायचा, मग मूळ छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडायची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवायचं. तिसरा मार्ग नाही.

ही मेहनत नुसत्या देखणेपणासाठी नाही. नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला कृतिदेवमधला निबंध दिला तर साम्य जवळजवळ शून्य टक्के येतं. त्याला मराठी दिसतच नाही, निरर्थक इंग्रजी दिसतं, आणि तसं इंग्रजी जगात दुसऱ्या कुणी लिहिलेलं नसतं. हा शून्य टक्क्यांचा अहवाल छातीला लावून फिरणारे कमी नाहीत. तोच निबंध युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासला की आकडा बोलायला लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. संदर्भसूची आणि नीट श्रेय दिलेली अवतरणं त्यातून वगळतात. इथं तीच रेषा धरली आहे.

[दृश्य : लांब टेबल. संशोधक विद्यार्थी कागद वाचताहेत. लाल पेन. चहाचे कागदी कप.]

हे परीक्षण. एका निबंधाला दोन परीक्षक, एक बाहेरच्या विद्यापीठातला आणि एक इथला पीएच.डी.चा संशोधक. दोघांचं मत पटलं नाही तर तिसरा. परीक्षकाला पाच प्रश्नांचा कागद जातो : प्रश्न काय विचारलाय, माहिती कशी गोळा केली, नमुना कुठला, निष्कर्ष त्या माहितीतून निघतो का, संदर्भ खरे आहेत का. शेवटच्या प्रश्नासाठी दर निबंधातले कुठलेही पाच संदर्भ उघडून बघायचे. न सापडणारे संदर्भ हल्ली वाढलेत. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुरात ते हमखास असतात, लेखक, वर्ष, पृष्ठ सगळं कसं जागच्या जागी, फक्त असा लेखच नसतो.

'निबंध चांगला आहे' एवढाच शेरा आला की कागद परीक्षकाकडे परत. वेळेचा हिशोब उलटा मांडलाय. परिषद फेब्रुवारीत, तूर-हरभऱ्याची गडबड आणि परीक्षा यांच्या मधली फट. त्याआधी दहा दिवस छपाईला, त्याआधी पंधरा दिवस लेखकांच्या दुरुस्तीला, त्याआधी तीन आठवडे परीक्षणाला. लेखकांना लिहायलाही वेळ द्यायचा, म्हणजे निबंधांचं आवाहन ऑक्टोबर संपायच्या आत निघायला हवं. आवाहन उशिरा निघालं की आयोजक पहिली कात्री लावतात ती परीक्षणाच्या तीन आठवड्यांना, आणि मग निबंध न वाचताच छापले जातात. फी भरा, प्रमाणपत्र घ्या. अशा परिषदा आपल्याकडे भरपूर आहेत. मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. कुठलं प्रकाशन धड, कुठलं नाही, हे पारखायचं काम आता संस्थांवरच आलंय. ते या टेबलावर होतं किंवा होतच नाही.

[दृश्य : सकाळ. एसटी फाटकाशी थांबते. बिछायत केंद्राच्या गाडीतून खुर्च्या उतरताहेत. सभागृहाच्या खिडक्यांवर काळं कापड.]

शकुंतला ही नॅरोगेज रेल्वे बंद आहे, त्यामुळे पाहुणे बडनेऱ्याला किंवा अकोल्याला उतरून एसटीनं येतात. परतीच्या गाड्या लवकर आटपतात, म्हणून समारोप साडेतीनला ठेवलाय, पाचला नाही.

खिडक्यांवरचं काळं कापड प्रोजेक्टरसाठी. फेब्रुवारीतलं इथलं ऊन साध्या पडद्याला जुमानत नाही आणि स्लाइडवरच्या तक्त्यातले आकडे पुसट होतात. दिव्याच्या प्रोजेक्टरला वीज अचानक गेलेली सोसत नाही. पंखा थांबतो, दिवा तापलेला राहतो, लगेच पुन्हा लावला तर पेटत नाही. त्याला वेगळा यूपीएस दिलाय. जनरेटर सुरू होईपर्यंतची पाच मिनिटं तो काढतो. त्याच यूपीएसवर साउंडवाल्यानं आपला अँप्लिफायर लावू नये म्हणून बोर्डाशेजारी एक विद्यार्थी उभा आहे. हसण्यावारी नेऊ नका, ते कामच आहे.

[दृश्य : सादरीकरण. पहिल्या रांगेत मुलीच्या हातात पिवळं कार्ड, मग लाल.]

बारा मिनिटं बोलणं, तीन मिनिटं प्रश्न. पिवळं कार्ड तीन मिनिटं उरली म्हणून, लाल एक. स्लाइड्स आदल्या रात्रीच पीडीएफ करून एकाच लॅपटॉपवर घेतल्यात. पेन ड्राइव्ह लावण्याची रांग नाही आणि दुसऱ्याच्या संगणकावर फाँट फुटण्याचा प्रश्न नाही. उद्घाटन, दीपप्रज्वलन, मान्यवरांची भाषणं यथासांग झाली.

[दृश्य : दुसरा दिवस. संगणक कक्ष गच्च भरलेला. गावोगावचे ग्रंथपाल, पिशवीतून दाखल नोंदवह्या काढताना.]

हे सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. यांतले बरेचसे क आणि ड वर्गातले. ड वर्गात ग्रंथपाल, लिपिक, शिपाई ही सगळी कामं बहुतेक वेळा एकाच माणसाच्या अंगावर. त्यांच्या कार्यशाळेसाठी दुसरा अख्खा दिवस राखून ठेवलाय, आणि निबंध वाचणाऱ्यांनी यांच्या शेजारी बसायचं असं ठरलंय.

ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर आहे कोहा. न्यूझीलंडमध्ये तयार झालं, तिथल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयात २००० साली सुरू झालं, मुक्त स्रोत आहे, विकत घ्यावं लागत नाही. इथं ते एकाच लॅपटॉपवर टाकलंय. एक साधा राऊटर, बाकीचे संगणक वायफायवरून त्याला जोडलेले. इंटरनेट लागत नाही. लॅपटॉपचा आयपी पत्ता पक्का करून ठेवलाय. तो राऊटरच्या मर्जीवर सोडला तर वीज जाऊन आल्यावर बदलू शकतो आणि फळ्यावर लिहिलेला पत्ता टाकून कुणालाच काही उघडत नाही.

[दृश्य : जवळून. नोंदवहीचं पान, शाईच्या नोंदी. शेजारी एक्सेल. आयएसबीएनच्या (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाच्या) रकान्यात नऊ पूर्णांक काहीतरी, ई, अधिक बारा.]

[चित्रणातला आवाज : "काऊन बदलते बावा हे? मी तं बरोबर टाकलं होतं." "काका, आधी रकाना टेक्स्ट करा, मंग नंबर टाका."]

एक्सेलला तेरा अंकी आयएसबीएन मोठी संख्या वाटते आणि तो तिला आखडून दाखवतो. तसंच सीएसव्हीमध्ये, म्हणजे कोहात चढवायच्या साध्या फाइलमध्ये, साठवलं तर शेवटचे अंक कायमचे जातात. शेवटचा अंक तर पडताळणीचा : पहिल्या बारा अंकांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणायचं, बेरीज करायची, पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडतात तो अंक. म्हणून क्रम असा : रकाना टेक्स्ट, मग अंक, मग साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायचं. साधं सीएसव्ही निवडलं की मराठी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.

पुढची अडचण मार्कची, म्हणजे पुस्तकाची माहिती क्रमांक दिलेल्या रकान्यांत भरण्याच्या पद्धतीची. शीर्षक २४५मध्ये, लेखक १००मध्ये, हे लवकर जमतं. विसरतं ते ९५२. प्रत्यक्ष प्रत, तिचा दाखल क्रमांक, ती कुठल्या ग्रंथालयात आहे, हे सगळं त्यात राहतं. ९५२ रिकामं राहिलं तर शोधल्यावर पुस्तक दिसतं, पण सभासदाला देता येत नाही. पडद्यावर या काकांचं पहिलं पुस्तक चढलं आणि देवघेवही झाली. खाली तारीख दिसते आहे.

[दृश्य : गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे, वांग्याची भाजी, पंगत.]

जेवण गावातल्या बचत गटाकडे.

[दृश्य : छापील इतिवृत्ताचं मुखपृष्ठ, मागे बारकोड. मग डीस्पेसचा पडदा.]

इतिवृत्ताला, म्हणजे परिषदेतल्या निबंधांच्या पुस्तकाला, आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. छापील प्रतीला एक, ई-आवृत्तीला दुसरा. त्या क्रमांकानं पुस्तक ओळखू येतं, ते चांगलं की वाईट हे त्यात नाही. इथल्या मुखपृष्ठावर म्हणूनच 'आयएसबीएनसह' अशी जाहिरात टाकलेली नाही. आत प्रत्येक निबंधाखाली तो कधी आला, दुरुस्त होऊन कधी आला आणि कधी स्वीकारला, अशा तीन तारखा आहेत.

छापून झालं की डीस्पेसवर, म्हणजे डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरवर, चढवायचं. इथं पुन्हा मराठीचा प्रश्न. 'दुसऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो, नुक्त्याच्या 'ऱ'नं किंवा साध्या 'र'मागं एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधयंत्राला मात्र दोन वेगळे शब्द, एक शोधला तर दुसरा सापडत नाही. म्हणून चढवण्याआधी सगळे निबंध एकाच तऱ्हेवर आणले. शीर्षक मराठीत आणि इंग्रजीत, सारांश दोन्हींत, विषयशब्द दोन्हींत.

कार्यशाळेला आलेल्या काही ग्रंथालयांनी आपापल्या नोंदवह्या संगणकावर आणायला घेतल्या आहेत. पुढच्या वर्षी हे एम.लिब.चे विद्यार्थी इथं नसतील. फॉर्म, ड्राइव्ह आणि ईमेल सुरुवातीपासून परिषदेच्या वेगळ्या खात्यावर ठेवलेत, कुणाच्या स्वतःच्या नाही. पासवर्ड विभागाच्या कपाटात बंद पाकिटात, आणि पाकिटावर ऑक्टोबरची तारीख.