बर्फावरची मारामारी पोरांना शिकवायची का?

नमस्कार मंडळी! आज हॉकी. ध्यानचंदांची नाही हं, कॅनडातली बर्फावरची.

२००७ साली कॅनडातल्या रेजायना शहरात एक शिबिर भरलं. मुलं १२ ते १८ वर्षांची. विषय काय, तर सामन्यात मारामारी झाली तर स्वतःला कसं सांभाळायचं! शिकवणारे दोघे भाऊ, डेरेक आणि ॲरन बूगार्ड. डेरेक तेव्हा एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या सर्वात मोठ्या लीगमध्ये, मिनेसोटाच्या संघाकडून खेळायचा. उंची सहा फूट सात इंच. आपल्या खेळाडूला कुणी त्रास दिला की त्याला बडवायचं, हेच त्याचं काम. एनएचएलमधले एकूण सामने २७७, गोल ३.

पोरांना मारामारी शिकवतात म्हणून लगेच कपाळावर हात मारू नका. एनएचएलमध्ये मारामारी केली तर ५ मिनिटं बाहेर बसायचं, मग परत खेळायचं. पुढे हे वाट्याला येणारच असेल, तर आधी शिकलेलं बरं, असा हिशोब. अगदीच खुळा नाही तो.

आता गंमत बघा. जमिनीवर ठोशाला जोर पायांतून येतो. स्केट्सवर पाय रोवणार कुठे? जोरात हात फिरवलात तर तुम्हीच गिरकी घ्याल. म्हणून आधी पकड.

(जर्सीची बाही धरून दाखवत) समोरचा ज्या हाताने मारतोय, त्याच हाताचं बखोट धरायचं. असं. आपला हात ताठ, म्हणजे तो जवळ येत नाही आणि त्याचा ठोसा मोकळा सुटत नाही. हनुवटी छातीकडे. जर्सी डोक्यावरून ओढली गेली तर काही दिसत नाही, म्हणून तिला मागे पट्टा असतो, तो पँटला अडकवायचा. आणि समोरचा पडला की संपलं, हात सोडायचा.

इथपर्यंत ठीक. पण त्या शिबिरात मुलांना टी-शर्ट दिले होते, त्यांवर रक्ताचे खोटे शिंतोडे! तिथे माझं डोकं फिरतं.

कारण खरा धोका ठोशाच्या पुढचा आहे. कुस्तीत पाठ टेकली तरी खाली माती असते. इथे बर्फ. डिसेंबर २००८मध्ये ऑन्टारियोत डॉन सँडरसन हा २१ वर्षांचा खेळाडू मारामारीत पडला. हेल्मेट निघालेलं, डोकं बर्फावर आपटलं. जानेवारीत तो गेला. पुढे २०१३मध्ये एनएचएलने मारामारीआधी स्वतःचं हेल्मेट काढणाऱ्याला वेगळी शिक्षा लावली.

आणि आपला डेरेक? मे २०११मध्ये, वेदनाशामक गोळ्या आणि दारू एकत्र झाल्याने गेला. वय २८. मेंदू तपासला तर सीटीई निघाला. डोक्याला वर्षानुवर्षं मार बसत राहिला की होणारा हा मेंदूचा आजार. पकड, तोल, हनुवटी, सगळं त्याला येत होतंच की!

क्वेबेकच्या ज्युनियर लीगमध्ये २०२३पासून मारामारी केली की थेट सामन्याबाहेर. मला हे पटतं. शिबिराचं म्हणाल, तर पकड, तोल आणि पडायचं कसं, एवढं मी ठेवीन. ठोसा काढून टाकीन.

कॅनडातल्या मराठी आईबाबांनो, पोरगं बर्फावर उतरायच्या आधी हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा तपासा. एक बोट जाईल एवढीच जागा हवी. दोन जात असतील तर आवळा.